वजन कुठं टाकायचं

आमचे शेजारी बाबूआप्पा माझ्या स्कूटीवर मागं बसले, की ईट ते भूम रस्त्यावरची वळणं मला लांबूनच धडकी भरवतात. वळणावर गाडी डावीकडं कलली, की आप्पा उजवीकडं कमरेतून बाहेर झुकतात, पार डोकं रस्त्यावर. समोरचा ट्रॅक्टरवाला आधी ब्रेक मारतो, मग शिव्या देतो.

आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली. भूमच्या पतसंस्थेत नोकरीला आहे आणि स्कूटी माझ्या पगाराची आहे, म्हणून मी स्पष्टच सांगायची, "आप्पा, सरळ बसा. पाडाल एक दिवस."

"मॅडम, कलतं काही दिसलं की माझं आंग ऱ्हात न्हाय."

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावचा हा माणूस फौजेत गेला आणि तिथं शिडाच्या होडीच्या शर्यती खेळला, हे गावाला अजून पटलेलं नाही. होडीत दोघंच. मागचा सुकाणू धरतो आणि हुकूम सोडतो. पुढचा छोटं शीड ओढतो, आणि वाऱ्यानं होडी एका अंगाला कलली की दुसऱ्या अंगाला पट्ट्यात पाय अडकवून पाण्यावर आडवा होतो. मागचे सावंत, मालवणकडचे. पुढचे कायम आमचे आप्पा.

त्यामुळं आप्पांचं एकच वाक्य ठरलेलं : "वजन कुठं टाकायचं तेवढं सांगा." मांडव घालायचा असो, भावकीचं भांडण असो, हेच. पंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांच्या उमेदवारांना त्यांनी हेच विचारलं आणि दोघंही खूश होऊन गेले. तेवढ्यात आतून काकूंचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा, आवाज आला, "आधी दळणाच्या डब्यावर टाका. गिरणी बंद व्हईल." आप्पा मुकाट डबा उचलून निघाले.

काकू दोन वर्षांमागं गेल्या. आप्पा हातानं भाकरी थापायला लागले, आणि सुकत गेले.

मग यंदा सावंतांचा फोन आला. एका धरणावर जुन्या फौजींची शर्यत होती. सावंतांनी आधी वजन विचारलं. आप्पांनी सांगितल्यावर तिकडून आवाज आला, "अरे, एवढ्याशा वजनात होडी कोण सांभाळणार? वजन वाढव, नाहीतर मला दुसरा गडी बघावा लागेल."

दुसरा गडी, हे आप्पांच्या मनाला लागलं. आमच्या भागात वजन वाढवायला डॉक्टर लागत नाही. खव्याच्या भट्ट्या आहेत. आप्पा रोज सकाळी गल्लीतल्या भट्टीवर जायचे, गरम खवा खायचे आणि खवा मोजायच्या काट्यावर उभे राहायचे. भट्टीवाला शिवा म्हणायचा, "आप्पा, अजून थोडं थांबा, डब्यात भरूनच पाठवतो तुम्हाला." आप्पा काट्यावरनं हलायचे नाहीत. "बोलू नको. काटा हालतोय."

महिन्याभरात गाल वर आले, सदऱ्याची बटणं ओढ खायला लागली. सावंत म्हणाले, ये.

शर्यतीला मीच त्यांना स्कूटीवर घेऊन गेले. सावंत काठावर उभे होते, टक्कल पडलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेला. दोघांनी मिठी वगैरे मारली नाही. आप्पा म्हणाले, "वजन कुठं टाकायचं?" सावंत म्हणाले, "आधी होडी पाण्यात तर घाल."

सुरुवातीला वारा चांगला होता. शीड फुगलं, होडी कलली, सावंत ओरडले आणि आप्पा मागं आडवे झाले, पाठ पाण्याला टेकेपर्यंत. होडी सरळ झाली. माझ्या गाडीवर हा माणूस इतकी वर्षं काय करत होता, ते मला तिथं दिसलं. तिसऱ्या नंबरावर होते दोघं.

आणि वारा पडला. एकदम. हलक्या गड्यांच्या होड्या सरकत पुढं गेल्या. आमची होडी खव्यासकट जागेवर बसली. सगळ्यात शेवटी काठाला लागली. सावंत उतरता उतरता म्हणाले, "आप्पा, खवा जरा जास्त झाला रे."

दोघं हसले, खूप वेळ हसले. मग सावंत म्हणाले, "गुडघा आता ऐकत नाही. हे आपलं शेवटचंच समज." आणि मुलाच्या गाडीत बसून गेले.

परतताना पहिलं वळण आलं, गाडी कलली, मी सवयीनं अंग चोरलं. मागं काहीच हललं नाही. दुसऱ्या वळणावरही नाही. आप्पा सरळ बसले होते, मी इतकी वर्षं सांगत होते तसे.

मी विचारलं, "बरं वाटत न्हाय का, आप्पा?"

"बरं हाय की." थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "घरी ती सांगायची. पाण्यावर ह्यो सांगायचा. आता कुणी सांगायचंच न्हाय म्हणल्यावर, मॅडम, माणसानं एवढं वजन ठेवायचं कुठं?"

पुढं भूमच्या अलीकडचं मोठं वळण दिसायला लागलं. मी गाडी हळू केली, आरशात बघितलं, मागून कुणी येत नव्हतं.

"आप्पा," मी म्हणाले, "डावं वळण आलं. उजवीकडं टाका."