माशीला लागलेला मासा

माशीने मासा पकडता येतो, हे मी मेहुण्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. माशी खरी नव्हे. गळावर लोकर गुंडाळून केलेली. लोकर बायकोच्या तपकिरी स्वेटरची, तिला न विचारता घेतलेली.

"दाजी, कालव्यातला कार्प मासा गाळात लोळणारा," मेहुणा म्हणाला. "तो स्वेटरला कशाला तोंड लावतोय?"

झालं! मंगळवारी सकाळीच, मी प्रुफं तपासतो त्या छापखान्यात फोन लावला. "मॅडम, कंबर धरलीय. उभंसुद्धा राहवत नाही."

"पडून राहा. तुमची प्रुफं मी बघते," मालकीणबाई इतक्या मायेने म्हणाल्या, की दोन मिनिटं कंबर खरंच दुखली.

अकराला मी कालव्यावर. कालवा कसला, घरांच्या मागून जाणारी गुडघाभर पाण्याची बोळ. तिसऱ्या फेकीला माशी अलगद पाण्यावर टेकली. एक जाड तोंड वर आलं आणि त्याने ती औषधाच्या गोळीसारखी गिळली.

मग काठीवरचं दोऱ्याचं रीळ किंचाळलं. मासा पुढे, मी मागे. दोरा केसासारखा बारीक. ताणला तर तुटणार, सोडला तर पुलाच्या खांबाला गुंतणार. एका अंगणातून गेलो, वाळत घातलेल्या चादरीखालून गेलो, कुणाच्या तरी कोबीच्या वाफ्यातूनही गेलो.

"अहो, कुठे निघालात?" खिडकीतून एक बाई ओरडल्या.

"त्यालाच विचारा!"

कालवा वळला आणि शाईचा वास आला. समोर आमच्या छापखान्याचं मागचं दार होतं आणि पायरीवर मांडीवर प्रुफं घेऊन मॅडम बसल्या होत्या.

कात्री खिशात होती. एक कच्, की मासा मोकळा, मी वळणाआड आणि नोकरी शाबूत. हात खिशात गेला. तेवढ्यात मासा पाण्यावर आडवा झाला, परातीएवढा, सोनेरी. हात खिशातच राहिला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. आधी माशाकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम, ती कंबर..."

"काठी वर धरा. दोरा ढिला पडतोय."

त्यांनी चपला काढल्या, रद्दीची जाळीदार टोपली उचलली आणि थेट पाण्यात उतरल्या. "डावीकडे आणा. हळू. घाई केलीत तर जाईल." एका झटक्यात मासा टोपलीत! छपाईच्या मशीनवाल्याने बाहेर येऊन फोटो काढला, आम्ही मासा परत सोडला आणि मॅडम ओल्या पायांनी आत गेल्या. रात्रभर मला त्या खोट्या रजेचाच घोर.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक प्रूफ होतं. आमच्याकडच्या सगळ्यात महागड्या कागदावर मॅडम आणि मासा. मी कुठेच नाही. कोपऱ्यात फक्त काठीचं टोक. खाली ओळ होती : 'मालकीणबाईंनी एकटीने पकडलेला सहा किलोचा कार्प.'

मी ती तीनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. सही करून प्रूफ छपाईला पाठवलं.