तवर मी काय करू?

हौसाआत्या सिटी बसमध्ये बंदूक घेऊन चढते. खरीखुरी, दोन नळ्यांची, परवान्याची. जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून ती मांडीवर आडवी ठेवते आणि शेजारच्याला सांगते, "जरा सरकून बस बाळा, रायफल हाय." बाळ सरकत नाही, पुढच्या स्टॉपला उतरतो. एकदा कंडक्टर म्हणाला, "आज्जे, ह्याचं लगेज तिकीट पडंल." आत्या म्हणाली, "सरकारच्या कामाला निघालीया ती. सरकारकडनं घे पैसं."

ती रायफल नाही, दुनळी आहे, हे मी एकदा समजवायला गेलो. मी कंपनीत फिटर, दिवसभर लोखंडाशी खेळणारा, म्हटलं एवढं तर आपल्याला कळतं. आत्या म्हणाली, "तुझ्यापुढं धरते, मग सांग काय हाय ती." मी विषय सोडला.

आता ही बाई बंदूक घेऊन कुठं जाते? जमा करायला जाते. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, असा नियम. आणि आपल्याकडं निवडणुकांना काय तोटा आहे का राव? ग्रामपंचायत झाली की झेडपी, ती झाली की विधानसभा. आत्याची बंदूक घरी कमी आणि ठाण्यात जास्त असते. "मतं मागनार ती, आन हात रिकामं माझं!" असं बडबडत ती नेऊन देते आणि निकाल लागला की भांडून परत आणते.

चाकणच्या एमआयडीसीत दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये, उरल्यासुरल्या उसाच्या कडेला तिचं घर. जमीन गेली, घर राहिलं. मागं पत्र्याच्या खोल्या, त्यातल्या एकीत मी, बाकीच्यांत माझ्यासारखेच लातूर-परभणीकडनं आलेले. दिवसा दारावरून कंटेनर धावतात, अंधार पडला की तिकडं कुत्रंही फिरकत नाही. उसात बिबट्या आणि भिंतीपलीकडं भंगारचोर. आत्या एकटी. मूलबाळ नाही, नवरा गेलेला.

तिचं एक वाक्य आहे, दिवसातून कितीदा ऐकावं लागतं देव जाणे. वायरमन फोनवर म्हणाला, "निघालोच आत्या." आत्या ओरडली, "तवर मी काय करू? आरती म्हनू?" गॅसवाला म्हणाला, उद्या येईल. "तवर मी काय करू? आरती म्हनू?" एक उमेदवार हात जोडून दारात आला, म्हणाला निवडून आल्यावर इथं दिवे लावतो. त्यालाही तेच. तो बिचारा खरंच आरती आहे समजून चपला काढायला लागला.

बिबट्या भिंतीवर बसला होता तेव्हाची गोष्ट. बंदूक अर्थातच ठाण्यात. मी वनखात्याला फोन लावला, पलीकडचा म्हणाला, "टीम निघते आहे. घाबरू नका, आवाज करत राहा." आत्यानं माझ्या हातातला फोन हिसकावला आणि त्या माणसाला, त्याच्या टीमला, टीमच्या गाडीला जे काही सुनावलं, ते मला इथं लिहिता येणार नाही. बिबट्या उठून गेला. टीम दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि भिंतीचा फोटो काढून गेली.

म्हणून आत्यानं आमची तालीम चालू केली. कधीही अचानक ती ओट्यावर उभी राहून थाळी बडवते. थाळी वाजली की प्रत्येकानं हाताला येईल ते घेऊन बाहेर पडायचं. मी पाना घेऊन पळतो, शेजारची वहिनी झारा घेऊन. जो आला नाही त्याच्या नळाला दुसऱ्या दिवशी पाणी नाही. एकदा एक जण अंगाला साबण लावलेला, टॉवेलवर आला. आत्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ती म्हणाली, "ह्यो आला बघा. बाकीचं मेलं व्हय?"

लोक हसतात. हसा. पण ही बाई वेडी नाही, आणि तिला वेडी म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही. तिचा नवरा, तात्या, असाच गेला. दिवेलागणीची वेळ, दारावर दरोडेखोर. तात्यांनी आतून दार रेटून धरलं, आत्यानं ठाण्यात फोन केला. "गाडी निघाली." गाडी निघाली ती चौकात कंटेनरमागं अडकली. आणि घरची बंदूक? मतदान तोंडावर आलेलं, ती ठाण्याच्या कपाटात. ज्यांनी बंदूक नेली तेच सांगत होते, धीर धरा, येतोय. दार मोडलं. तात्या दवाखान्यात पोचलेच नाहीत. हे आठवलं की माझं डोकं फिरतं, मी तर तेव्हा इथं नव्हतोसुद्धा.

तिच्या शिव्यांचा मोठा वाटा मात्र जाधव हवालदाराचा. पन्नाशी ओलांडलेला, शांत माणूस. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, साहेब समोर आला की सॅल्यूट अर्ध्यावरच थांबतो. तो रोज संध्याकाळी मोटारसायकलवर गस्तीला येतो, काठी सीटखाली खोचलेली. आत्या ओट्यावरून ओरडते, "आला मेला काठीवाला!" तो म्हणतो, "आलो आत्या," आणि पुढं जातो. मला वाटायचं, पोलिसांवरचा सगळा राग ती ह्या एकट्यावर काढते. बरोबरच आहे, म्हणायचो मी.

ह्या वेळी निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आणि बंदूक परत मिळेना. परवान्याचं नूतनीकरण अडलं होतं. मी सुट्टी टाकून आत्याबरोबर ठाण्यात गेलो. रिकामं लुगडं तिच्या काखेत.

साहेब नवीन होते, तरुण, बोलायला गोड. म्हणाले, "आजी, तुम्हाला धोका कुणाचा आहे? इतक्या वर्षांत एकदा तरी चालवली का बंदूक?"

"चालवाया ती माझ्यापाशी पायजे की!"

"आता गस्त आहे, कॅमेरे आहेत."

"कॅमेरा काय करंल? मला मारताना फोटू काढंल!"

"फोन केला की गाडी लगेच येते, आजी."

मला कळलं आता काय येणार. पण आत्यानं ते वाक्य म्हटलं नाही. ती वळली. कोपऱ्यातल्या टेबलाशी जाधव हवालदार मान खाली घालून बसला होता. आत्यानं त्याच्याकडं बोट केलं.

"ह्यो बघा! ह्यो आला व्हता त्या दिशी. काठी घिऊन!"

साहेबांनी कपाळाला आठी घातली. "यांच्याविरुद्ध तक्रार आहे का तुमची?"

"हाय. लिवा. ह्येला रायफल का दिली न्हाई, ही तक्रार हाय माझी."

ती पुढं बोलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा आवाज फाटलेला ऐकला. "गाडी न्हाई आली सायेब. ह्यो आला. एकला. हितं रायफली कपाटात, किल्लीवाला बंदोबस्ताला गेलेला. मग ह्यो काय करनार? काठी घिऊन त्या पाचसहा जनांत शिरला. माझ्यावर पडनारा घाव ह्येनं खांद्यावर घेतला. तुमाला सॅल्यूट ठोकताना हात का आडतो, इचारलं का कवा?"

हवालदार उठले. "आत्या, बसा. पाणी घ्या."

"तू गप ऱ्हा मेल्या!" ती ओरडली आणि पुन्हा साहेबांकडं वळली. "अजून काठीवरच धाडता ह्येला, रोज, त्याच रस्त्यानं. माझी नका दिऊ मला. ऱ्हाऊ द्या कपाटात. पर ह्येला द्या."

साहेब म्हणाले, "बघतो." बघतो म्हणजे काय, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मला त्या टेबलावर मूठ आपटावीशी वाटली.

परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर होता. "आज्जे, आज लगेज नाही?" आत्याच्या मांडीवर लुगड्याची घडी, तिच्यावर दोन्ही हात. मी म्हटलं, "आत्या, मग त्यांना रोज एवढ्या शिव्या कशाला देता हो?"

ती खिडकीबाहेरच बघत राहिली. "फोन केला की समदी निघत्यात रं. येतो त्यो एकलाच. आन आजून रिकाम्या हातानंच येतो. मंग राग येनार न्हाई व्हय मला?"

संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला. आत्या ओट्यावरच होती. ती ओरडली नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती तालमीची थाळी हातात धरून उभी होती.