पाहिलंस ना, बोल ना

गाण्यांच्या वादात आपल्याला आजवर कुणी हरवलेलं नाही, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. डॉक्टर दातांचे होते. समोरचा माणूस खुर्चीत आडवा, आ वासलेला, गालात कापूस आणि ओठाला थुंकी ओढणारी नळी अडकवलेली. अशा माणसाला ते विचारत, "हल्लीच्या गाण्यांत काही दम आहे का हो? तुम्हीच सांगा." तो बिचारा "आं" म्हणे. "बघा, तुम्हालाही पटतंय," असं म्हणून डॉक्टर ड्रिल सुरू करत.

मुद्दे त्यांचे ठरलेले होते. चार शब्द घ्यायचे आणि चाळीस वेळा दळायचे, याला गाणं म्हणतात का? ताल धरायला माणूस नाही, यंत्र. गळा बेसूर असला तरी यंत्रच तो सुरात आणून देतं. मग गाणाऱ्याने करायचं काय, केस वाढवायचे? दवाखान्यात दिवसभर जुनी गाणी चालायची आणि कुणाची 'नवं काहीतरी लावा' म्हणायची टाप नव्हती. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक तर दात दुखत नसतानाही बाकावर येऊन बसायचे, नुसते ऐकायला.

या अजिंक्य माणसाला हरवणारी जगात एकच व्यक्ती होती. ती म्हणजे त्यांची लेक. शाळेत असल्यापासून ती संध्याकाळी दवाखान्यात यायची, खुर्चीशेजारच्या गोल स्टुलावर बसून गरगर फिरायची आणि बापाचा एकेक मुद्दा खोडून काढायची. "बाबा, तुमच्या काळातली भिकार गाणी तुम्ही सोयीस्कर विसरलात. चांगली तेवढी उरली, ती घेऊन मिरवताय." डॉक्टर चिडायचे. मग ती शेवटचा घाव घालायची. "तुम्हाला गाणी आवडत नाहीत, बाबा. तुम्हाला तुमचं पंचविसावं वर्ष आवडतं." यावर काय बोलायचं ते डॉक्टरांना एकदाही सुचलं नव्हतं. खुर्चीतला पेशंट मात्र तोंडात नळी असूनही हसायचा.

ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि डॉक्टर वादामागून वाद जिंकू लागले. जिंकून जिंकून अगदी कंटाळून गेले बिचारे. आईशी ती फोनवर तासभर बोलायची. मग आई फोन पुढे करायची. "जेवलीस?" "हो बाबा." "काम बरं आहे?" "हो बाबा. तुम्ही बरे?" "हो." झालं, संपलं. दर रविवारी डॉक्टर तिला एखादं जुनं गाणं पाठवायचे, बरोबर एक ओळ: 'हे ऐक आणि मग बोल.' तिने ते पाहिलं की निळ्या खुणा उमटायच्या. उत्तर यायचं नाही. गोल स्टूल डॉक्टरांनी कुणाला हलवू दिलं नव्हतं, आणि येता-जाता त्याला नडगी आपटली तरी ब्र काढत नसत.

जाण्यापूर्वी तिने एक काम करून ठेवलं होतं. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं गाण्यांचं खातं उघडून दिलं, म्हणजे बाबांना हवी ती गाणी एका जागी मिळतील. गाणं बदलायला डॉक्टरांना हातमोजे काढावे लागू नयेत म्हणून काउंटरवरच्या बाईंच्या फोनवरही तेच खातं घालून दिलं. बाई पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी, कपाळाला आठी. पेशंट डॉक्टरांपेक्षा त्यांनाच जास्त घाबरायचे.

तर एके दिवशी मुख्याध्यापकांचं रूट कॅनाल चाललेलं असताना स्पीकरमधून एकदम धडधड सुरू झाली आणि एक मुलगी गाऊ लागली, "पाहिलंस ना, पाहिलंस ना, मग बोल ना, बोल ना." मुख्याध्यापकांचे डोळे खोबणीतून बाहेर यायच्या बेतात आले.

"बाई!" डॉक्टर गरजले. "हा काय प्रकार आहे? कुणी लावलं हे?"

बाईंनी घाईघाईने फोन पदराआड नेला. "आपोआप लागलं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. बाई खोटं बोलतील अशी शंका घ्यायची कुणाची छातीच नव्हती.

आता बाकावर त्या वेळी कोपऱ्यावरचा मोबाइल दुकानवाला बसला होता, अक्कलदाढ काढून, गालात कापूस धरून. फोनचा विषय निघाल्यावर कसला गप्प बसतोय. कापसातून बोलत त्याने खुलासा केला, "खातं एकच असेल तर दुसरीकडे लावलेलं गाणं इथे वाजू शकतं, डॉक्टर. आणखी कोण वापरतं हे खातं?"

"माझी मुलगी," डॉक्टर म्हणाले.

"मग झालं तर. त्याच ऐकतायत तिकडे."

डॉक्टरांच्या हातातलं ड्रिल तसंच राहिलं. गाणं बंद करायला गेलेल्या बाईंना त्यांनी हातानेच थांबवलं. "राहू द्या," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मुख्याध्यापकांना वाटलं, आपल्या दाताचं काही खरं नाही.

त्या दिवसापासून दवाखान्याचा रंगच पालटला. बाई बघत होत्या, डॉक्टर रागवत तर नाहीतच, उलट मान डोलावतायत. मग बाईंचीही भीड चेपली. सकाळी दहाला धडधड सुरू झाली की डॉक्टर मनात म्हणत, निघाली वाटतं कामाला. दुपारी काहीतरी नाचरं लागलं की म्हणत, जेवली पोटभर. जुन्या गाण्यांचे भक्त कुरकुरले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सरळ आ करायला सांगून विषय मिटवला. घरी जाऊन ते बायकोला ऐटीत सांगायचे, "आज स्वारी खुशीत आहे."

"कोण? अहो, आत्ताच बोलले मी तिच्याशी. साहेबाशी कडाक्याचं भांडण झालंय तिचं."

"ते वरवरचं गं. आतून खूश आहे. बापाला कळतं."

बायको आपल्या कामाला लागायची.

मग कधीतरी नाचरी गाणी थांबली. राहिलं ते एकच. सकाळी तेच, दुपारी तेच, संध्याकाळी तेच. "पाहिलंस ना, पाहिलंस ना, मग बोल ना, बोल ना." निरोप पाहूनही उत्तर न देणाऱ्या कुणाला तरी ती गाणारी मुलगी विनवत होती. एरवी डॉक्टरांनी या गाण्याची सालटी काढली असती. पण रविवारी त्यांनी पाठवलेल्या गाण्याखाली दोन निळ्या खुणा तशाच कोरड्या पडून होत्या. अरे, या गाणाऱ्या पोरीला आपलं घरातलं कसं कळलं, असं त्यांना वाटलं. आणि लगेच दुसरा विचार आला. आपली मुलगी हे दिवसभर का ऐकतेय? तिला कोण उत्तर देत नाहीये?

या विचारात त्यांनी दुसरा एक दात काढायला मुख्याध्यापकांची हिरडी बधिर करून ठेवली आणि ते स्पीकरपाशी जाऊन उभे राहिले. गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं. मग परत येऊन त्यांनी मुख्याध्यापकांच्या पाठीवर थाप मारली आणि "झालं बरं का, दोन तास काही खाऊ नका," म्हणून त्यांना वाटेला लावलं. दात जागच्या जागी होता. मुख्याध्यापक तो बोटाने दाखवत होते, पण अर्ध्या बधिर जबड्यातून निघणारे शब्द कुणालाच लागेनात. बाईंनी त्यांना पाणी दिलं, ते सगळं शर्टावर सांडलं, आणि शेवटी ते दातासकट घरी गेले.

"मी उद्या पोरीकडे जातोय," डॉक्टरांनी घरी जाहीर केलं. "तिचं मन मोडलंय कुणीतरी."

"काहीतरीच काय. काल तासभर बोलली माझ्याशी. नवे पडदे घेतलेत म्हणाली."

"पडदेच घेणार. दुःखात माणूस खिडक्या झाकून घेतो."

"मी येऊ?"

"नको. हे बापाचं काम आहे."

खरी गोष्ट अशी की डॉक्टरांना मनातून भीतीबरोबर थोडा आनंदही झाला होता, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. तिच्याकडे जायला कारण मिळालं होतं. 'तुझी आठवण येते म्हणून आलो' हे वाक्य त्यांच्या तोंडून मेलं तरी निघालं नसतं. बसमध्ये ते सगळा रस्ताभर काय बोलायचं त्याची घोकंपट्टी करत होते. ओरडायचं नाही. उपदेश करायचा नाही. आधी तिच्या गाण्याबद्दल चांगलं बोलायचं.

दुपारी लेकीने दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि दातांत पडद्याचे चार हुक धरलेले होते. "मामा?" असं काहीसं ती म्हणाली. हुक काढून नीट म्हणाली, "बाबा? आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे. आधी ते लोखंड दातांत धरू नकोस." घोकलेलं पहिलंच वाक्य हुकलं. डॉक्टर खुर्चीवर बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कोण आहे तो?"

"कोण तो?"

"जो उत्तर देत नाही तो."

"घरमालक? नळाचं तीनदा सांगितलं त्यांना."

"नळाचं नाही गं. माझ्यापासून लपवू नकोस. मला सगळं ऐकू येतं तिकडे." आणि तिचा चेहरा कोराच राहिलेला बघून डॉक्टरांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि आपल्या जुन्या पद्धतीने, प्रत्येक शब्दावर हळवी हरकत घेत, गायला सुरुवात केली. "पाहिलंस ना, पाहिलंस ना..."

दुसऱ्या 'बोल ना' पर्यंत ती पडद्याच्या ढिगावर कोसळली होती. डॉक्टरांना वाटलं, हुंदके देतेय. ते घाबरून उठले. पण ती पोट धरून हसत होती.

"बाबा, हे तुम्हाला पाठ आहे?"

"तूच तर लावतेस दिवसभर. त्या खात्यावर."

"मी? नव्या फोनबरोबर मला दुसरं खातं मिळालं. ते जुनं मी कधीच सोडलं." तिने डोळे पुसले. "आणि हे? शी, काय भिकार गाणं आहे ते."

इथे खरं तर डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पोरगी धडधाकट होती, मन शाबूत होतं. पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"भिकार? नीट ऐकलंस तरी का?"

"चार शब्द चाळीस वेळा, बाबा. तुमचाच मुद्दा आहे हा."

"चारच असणार! ज्याला उत्तर येत नाही त्याच्याकडे दुसरे शब्द असतात का? तो तेच तेच म्हणणार. सकाळी म्हणणार, दुपारी म्हणणार. त्याला काय मोठाली कडवी सुचतायत?"

लेक हसायची थांबली. आवाज नको इतका चढला हे डॉक्टरांच्याही लक्षात आलं. ते खाली बघून तिच्या पडद्याचा काठ सरळ करू लागले.

"रविवारची गाणी मी ऐकते, बाबा," ती म्हणाली. "सगळी ऐकते."

"मग लिहीत का नाहीस काही?"

"काय लिहू? 'छान' लिहिलं असतं तर तुम्हाला चाललं असतं? मला भांडायचं असतं हो तुमच्याशी. ते बोटांनी टाइप करून नाही जमत. आणि फोनवर तुम्ही विचारता जेवलीस का."

डॉक्टरांनी मान हलवली. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"बाई, ते गाणं कोण लावतं?"

"मीच, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी चुकून स्पीकरवर गेलं. तुम्ही एवढे ओरडलात, तोंडाला आलं ते बोलले. मग तुम्हीच डोळे मिटून ऐकायला लागलात. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

"कुणाचं उत्तर येत नाहीये तुम्हाला?"

"धाकट्या बहिणीचं. आमचं जरा वाजलंय."

"आलं का?"

"नाही अजून."

"मग लावा," डॉक्टर म्हणाले. "आणि मुख्याध्यापकांना सोमवारी बोलवा. दात काढायचा राहिलाय."

त्यानंतर बापलेकीचा वाद जो जुंपला तो पडदे लावून झाले, चहा दोनदा गार झाला तरी आवरेना. ती त्यांचे जुने मुद्दे त्यांच्यावरच फेकत होती आणि ते नव्या गाण्यांची बाजू जिवाच्या आकांताने लढवत होते. शेजारीण काय झालं म्हणून डोकावून गेली. इतकं सुख डॉक्टरांना कित्येक महिन्यांत लाभलं नव्हतं. बसपर्यंत ती पोचवायला आली ती भांडतच. बस हलली तरी खिडकीखालून चालत काहीतरी सांगत होती. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर कळलं नाही. "काय?" डॉक्टर ओरडले. ती मागे पडत गेली, हातवारे करत, लहान होत होत, आणि वळणावर दिसेनाशी झाली.

डॉक्टरांनी मान खिडकीतून आत घेतली. अर्धवट राहिलेला मुद्दा घरी नेऊन करायचं काय? तेवढ्यात खिशात फोन किणकिणला. लेकीचा निरोप होता. 'गाणं आत्ता नीट ऐकलं. तितकं वाईट नाही, बाबा. तुम्ही गायलात म्हणून तसं वाटलं.'

डॉक्टर सरसावून बसले. आता बोटांनी नाही, तोंडानेच बोलायचं. 'जेवलीस का' हा शब्दसुद्धा काढायचा नाही, असा निश्चय करून त्यांनी तिला फोन लावला. व्यस्त. थोड्या वेळाने परत लावला. व्यस्त. म्हटलं, तोवर बायकोला सांगून टाकू सगळं सुखरूप आहे. तिला लावला, तर तोही व्यस्त.

दोघी एकमेकींशीच बोलत होत्या. विषय कोणता आणि हसणं किती, हे ओळखायला फार शिकावं लागत नाही. डॉक्टर फोन मांडीवर घेऊन, दवाखान्याच्या बाकावर पेशंट बसतात तसे मुकाट्याने, आपला नंबर लागायची वाट बघत बसले.