आमच्याकडे यंदा प्रवेश आहे

बसा मुलांनो. आणि मोठ्यांना जरा बाहेर पाठवा.

एका जंगलात एक नदी होती. नदीकाठच्या बिळात पाणमांजराचं जोडपं राहायचं. त्यांचं थोरलं पिल्लू डुबुक. त्याने डोळेही उघडले नव्हते, तेव्हाच बाबांनी ठरवलं, पोरगं बेटावरच्या जलतरण महाविद्यालयात जाणार.

डुबुक चालायला लागला तो थेट पाण्याकडे. बाबांनी शेपटी धरून मागे ओढला.

"कुठे निघाली स्वारी?"

"पोहायला."

"पोहून कोणाचं भलं झालंय? आधी प्रवेश परीक्षा. एकदा बेटावर ॲडमिशन झाली की पोह आयुष्यभर!"

हे सांगताना बाबांच्या मिशांवरून पाणी ठिबकत होतं. ते नुकतेच मासे मारून आले होते.

मग घरात सुतक असल्यासारखं झालं. कोणी आलं की आई दारातच कुजबुजायची, "आमच्याकडे यंदा प्रवेश आहे हो." पाहुणे पाय न वाजवता परत जायचे. हे 'यंदा' बरीच वर्षं चाललं. बाबांनी बिळाचं नदीकडचं भोक चिखलाने लिंपून टाकलं. पाण्याच्या आवाजाने पोराचं लक्ष उडतं म्हणे.

डुबुक अंधारात पाठ करायचा. पाण्याची व्याख्या. लाटांचे प्रकार. बुडण्याची कारणे.

अर्जात बाबांनी लिहिलं, छंद : पोहणे.

"पण बाबा, मी पोहतो कुठे?"

"छंद अर्जात लिहायला असतो, गाढवा. करत बसलास तर अभ्यास कोण करणार?"

डुबुक जंगलात पहिला आला. आईने घरोघरी कोळंबी वाटली.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी लक्षात आलं, बेटावर पोहत जावं लागतं. ते अभ्यासक्रमात नव्हतं. शेवटी कासवकाकांच्या पाठीवर बसवून त्याला कोरडाच पोचवला.

प्राचार्य बगळेसर काठावर एका पायावर उभे होते.

"सर, पाण्यात कधी उतरायचं?"

"पाण्यात?" सर दचकले. "आधी नोकरीची परीक्षा. ती झाली की पोहा आयुष्यभर. मी स्वतः इथे उभं राहूनच डॉक्टरेट केली."

डुबुकने नदीकडे पाहिलं. लाटांचे सगळे प्रकार आठवले, कामाला एकही येईना. त्याने उडी टाकली.

बुडाला. वर आला. परत बुडाला. नाकातोंडात पाणी गेलं. मग शेपटीने आपलं आपणच काहीतरी केलं, आणि तो तरंगला.

संध्याकाळी लिंपलेलं भोक फोडून ओलाचिंब डुबुक घरात आला.

"बाबा, मला पोहता येतं!"

"आणि कॉलेज?"

"सोडलं."

आई रडायला लागली. बाबा खाली बसले. "आता लोकांना काय सांगू?"

"लोक सगळे नदीतच आहेत बाबा. चला, तिथेच सांगू."

बाबांनी भोकातून बाहेर पाहिलं. पाण्यावर ऊन पडलं होतं. क्षणभर त्यांच्या मिशा थरथरल्या.

मग ते म्हणाले, "आधी ते भोक बुजव. धाकटीचं यंदा प्रवेशाचं वर्ष आहे."

तात्पर्य : मुलांच्या प्रवेशाचं नियोजन जन्मापासूनच करावं. चांगल्या ठिकाणी प्रवेशच मिळाला नाही, तर पोरं सोडणार काय?