झाकणात दिसलेला गोल

ज्या गोष्टीचं चित्रीकरण झालेलं नाही ती घडलेलीच नाही, याबद्दल आता सर्व जबाबदार पालकांचं एकमत झालेलं आहे. पूर्वीच्या पालकांना हे कळत नव्हतं. ते मैदानाच्या कडेला नुसते उभे राहायचे. पोरं खेळायची, घरी यायची, जेवून झोपायची, आणि मोठी झाल्यावर आपण शाळेत काय तुफान खेळायचो याच्या थापा मारायची. आता तशा थापा मारता येत नाहीत. प्रगती म्हणतात ती हीच.

या शाळेत तर पालक चित्रीकरण मंडळच आहे. मंडळाला अध्यक्षीणबाई आहेत (गोलरक्षक मुलीची आई), घटना आहे, आणि घटनेत एकच कलम आहे: कोणत्याही मुलीवर अन्याय होऊ नये यासाठी प्रत्येक पालकाने फक्त आपापल्या मुलीचं चित्रीकरण करावं. पूर्वी कुणाचे तरी एक काका सगळा फुटबॉलचा सामना एकट्याने टिपायचे. त्यात चांगलं खेळणाऱ्या मुली जास्त दिसतात, हा पक्षपात उघडकीस आला आणि काकांना नारळ देण्यात आला. तेव्हापासून मैदानात जितक्या मुली उतरतात त्यापेक्षा काठावर कॅमेरे जास्त असतात (राखीव मुलींनाही आईवडील असतातच). मंडळाच्या पाहणीनुसार मुलींच्या चित्रीकरणाचं प्रमाण शंभर टक्के आहे. चेंडूचं प्रमाण काढलेलं नाही, कारण चेंडूचे पालक मंडळाचे सभासद नाहीत.

या मंडळाचे सर्वांत निष्ठावान सभासद म्हणजे पुरावेसाहेब. हे त्यांचं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतात. झाड अचानक आडवं आलं असं कुणी लिहिलं, की हे झाडाचा आधीचा फोटो मागतात. कचेरीतल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव एकदा त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांना इतकं आवडलं, की लोकांचा सगळा विरस झाला. घरीही बायकोने गॅस बंद केल्याचं सांगितलं तर ते ऐकून घेतात आणि मग जाऊन बघून येतात.

साहेबांना दुसरा नाद सॉसचा. सामना संपला की मैदानाच्या कडेला जाळी मांडून मक्याची कणसं आणि कोंबडीच्या तंगड्या भाजायची पालकांची रीत होती. त्यावर दुकानातलं बार्बेक्यू सॉस ओतलं जायचं आणि सगळे सुखी होते. एके दिवशी साहेबांनी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मजकुरात काय होतं हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही (मुलांसमोर बोलण्यासारखं नाही एवढंच म्हणतात), पण त्या दिवसापासून विकतचं सॉस बंद झालं आणि मैदानावर घरगुती सॉस शिजू लागलं.

घरगुती बार्बेक्यू सॉसला टोमॅटो, कांदा, लसूण, व्हिनेगर, काकवी, मोहरीची पूड, मिरपूड आणि एक माणूस लागतो. बाकीचे पदार्थ पातेल्यात जातात, माणूस बाहेर उभा राहून ढवळतो. आच मंद हवी, हात थांबता कामा नये. सॉस ढवळणारा माणूस तासन्‌तास दुसरं काहीही करत नसतो आणि तरीही त्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. पुरुषांना या कामाची एवढी ओढ का असते, याचं दुसरं कारण अजून तरी सापडलेलं नाही.

मागच्या मोसमात एकदा सॉस अप्रतिम झालं. अध्यक्षीणबाईंनी बोटं चाटली. पण काय कसं पडलं होतं ते साहेबांना आठवेना. पुढच्या खेपेला त्यांनी अंदाजाने केलं, तर दातांचे डॉक्टर (राखीव मुलीचे वडील) म्हणाले की दात काढण्याआधी बधिर करायला हे चालेल. साहेबांना ते लागलं. मग त्यांनी ठरवलं, की यापुढे प्रत्येक सॉसचं पहिल्या फोडणीपासून चित्रीकरण होईल.

म्हणजे आता साहेबांचे कॅमेरे दोन झाले. एक तीन पायांच्या तिकाटण्यावर, मुलीसाठी. दुसरा शेगडीजवळच्या छत्रीच्या दांड्याला बांधलेला, पातेल्यासाठी.

साहेबांची मुलगी, घरी जिला बारकी म्हणतात, संघात मागच्या डाव्या कोपऱ्यात खेळते. खेळते म्हणजे उभी राहते. चेंडू तिकडे फिरकला तर तो लांब उडवायचा, न फिरकला तर मोजे सारखे करायचे. तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्याला अशी मुलगी फार सोयीची. साहेबांनी तो एकदा तिच्या जागेवर रोखला की मोसमभर हलवावा लागत नसे.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी बारकी स्वयंपाकघरात आली. साहेब टोमॅटो निवडत होते.

"बाबा, आज मी पुढे जाणार आहे."

"कुठे पुढे?"

"गोलकडे. शेवटी शेवटी. सरांना विचारलंय, ते जा म्हणालेत. तू बघशील ना?"

"अगं, बघशील काय विचारतेस? दोन दोन कॅमेरे आहेत."

"कॅमेऱ्यांचं नाही विचारत. तुझं विचारतेय."

"तेच ते," व्हिनेगरच्या बाटलीचं बूच शोधत साहेब म्हणाले.

बारकीच्या आईने टोमॅटोच्या ढिगाआडून नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि पातेल्याचं झाकण घासायला घेतलं. ते तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ घासलं.

सामना रंगला असं म्हणतात. म्हणतात असंच लिहावं लागतं, कारण प्रत्येक पालकाला त्यातला आपापला वाटाच ठाऊक आहे. दोन्ही बाजूंचा एकही गोल होत नव्हता. वारा मैदानाकडून येत होता, म्हणून शेगडीची आच विझू नये यासाठी साहेब मैदानाकडे पाठ करून, पाठीचा आडोसा करून उभे होते. सॉस शेवटच्या टप्प्यात होतं. या टप्प्यात नजर हटली तर सगळं मुसळ केरात. अखेरच्या क्षणी मागून मोठा गलका झाला, शिट्टी वाजली, आपल्याच शाळेच्या मुली किंचाळताना ऐकू आल्या. शाळा जिंकली होती.

पण गोल कुणी केला? पंचांना समोर फक्त बुटांचा गुंता दिसला होता. त्यांनी सगळ्यांत उंच मुलीच्या नावावर गोल लिहिला, कारण तीच आधी नजरेत भरली. उंच मुलगी प्रामाणिक होती. ती म्हणाली, "माझा पाय लागला असेल. तिथे खूप पाय होते."

बारकी धापा टाकत शेगडीकडे आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाबा, तो गोल माझा आहे. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं म्हणजे? डोळ्यांत प्राण आणून पाहिलं," साहेब म्हणाले. "काय सणसणीत मारलास गं."

बारकी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग सरांना सांग."

इथे प्रकरण गंभीर झालं. शाळेच्या व्हरांड्यात एक फलक आहे आणि अंतिम सामन्यात गोल करणारीचं नाव त्यावर कायमचं रंगवलं जातं. पेंटर सोमवारी येणार होता. बारकीचं नाव आजवर हजेरीपट सोडून कुठेच लागलेलं नव्हतं. साहेबांनी आक्षेप नोंदवला. मंडळाने पुरावा मागितला. साहेबांना याबद्दल तक्रार करायला तोंडच नव्हतं.

रविवारी साहेबांच्या बैठकीच्या खोलीत सर्व चित्रफितींची छाननी झाली. सभासद दाटीवाटीने बसले. उरलेलं सॉस वाट्यांतून फिरत होतं. अध्यक्षीणबाईंच्या फितीत त्यांची लेक संपूर्ण सामनाभर नखं खाताना दिसली. उंच मुलीच्या वडिलांनी (हे वकील) लेकीची वेणी टिपली होती. ती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे गेली. दातांच्या डॉक्टरांची लेक बाकावर बसून केळं खात होती, आणि तिला चावताना कोणती दाढ त्रास देते हे डॉक्टरांनी थांबवून दाखवलं. एका आजीने स्वतःच्या अंगठ्याचं चित्रीकरण केलं होतं. ते सगळ्यांत स्थिर होतं. साहेबांच्या तिकाटण्यावरच्या फितीत मागचा डावा कोपरा स्वच्छ दिसत होता. फक्त ऐन गोलाच्या वेळी तिथे बारकी नव्हती. गवत होतं.

सर्व फिती मिळून चेंडू एकदाच दिसला. तो पिशवीतून बाहेर निघत होता.

"माझ्या मुलीच्या विरोधात काहीही सिद्ध होत नाही," वकील म्हणाले. मग स्वतःच जरा गडबडून म्हणाले, "म्हणजे बाजूनेही होत नाही म्हणा."

"मग पंचांचं लिहिलेलंच कायम," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. कोपऱ्यात बसलेल्या बारकीने मान खाली घातली.

"सॉसची राहिली की," दारात उभी राहून बारकीची आई म्हणाली.

"सॉसच्या फितीचा इथे काय संबंध?" साहेब म्हणाले.

"बघू की. सॉस झालंय छान," डॉक्टर म्हणाले. त्यांना कृती हवी होती.

पडद्यावर पातेलं आलं. सॉस रटरटत होतं, पळी फिरत होती. पातेल्याच्या मागे शेगडीच्या टाकीला टेकवून झाकण उभं केलेलं होतं, घासून लखलखीत केलेलं. मंडळी जांभया देऊ लागली. डॉक्टर मात्र पुढे सरकले. ज्या माणसाने उभा जन्म लोकांच्या तोंडात इवलासा आरसा धरून काढला, त्याला चकचकीत स्टील दिसलं की त्यात डोकावल्याशिवाय राहवत नाही.

"थांबवा," डॉक्टर म्हणाले. "झाकणात मैदान आहे."

होतं. सगळं होतं. गोलाचा खांब, पंच, सगळ्या मुली, जराशा बुटक्या आणि पोटाकडे फुगलेल्या, पण ओळखू येण्याजोग्या. आणि सर्वांच्या पुढे, झाकणाच्या मधोमध, मैदानाकडे पाठ केलेले, पातेल्यात नजर लावून उभे असलेले खुद्द पुरावेसाहेब होते.

रिमोट त्यांच्याच हातात होता. गोल अजून व्हायचा होता. पुढे काय दिसणार हे त्या खोलीत फक्त त्यांना आणि दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला कळलेलं होतं. बॅटरी गेली म्हणता आलं असतं. दावे करणाऱ्या लोकांनी त्यांना कितीतरी वेळा सांगितलेलं हे कारण होतं, आणि त्यांनी ते एकदाही मान्य केलेलं नव्हतं. साहेबांना मनापासून लाज वाटत होती. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या बारकीकडे पाहिलं आणि बटण दाबलं. फीत पुढे सुरू झाली.

झाकणात बारकी धावत गोलासमोर आली. तिथे ती थांबली. चेंडूकडे, पंचांकडे, कुणाकडेही न बघता ती शेगडीकडे वळली आणि तिने दोन्ही हात वर केले. तिचा बारीक आवाज फितीत स्पष्ट होता.

"बाबा, बघ."

"हं, बघतोय," फितीतले साहेब म्हणाले आणि त्यांनी पळी तोंडात घातली.

त्याच क्षणी कुणीतरी उडवलेला चेंडू बारकीच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटला आणि सरळ गोलात गेला. गलका झाला. शिट्टी वाजली. झाकणातल्या साहेबांनी डोळे मिटून चव घेतली.

"काकवी कमी पडली," ते म्हणाले.

मग वकील घसा खाकरून म्हणाले, की पुरावा निर्विवाद आहे. गोल बारकीचाच. टाळ्या झाल्या. मंडळाने साहेबांचं खास अभिनंदन केलं, कारण चेंडूचं यशस्वी चित्रीकरण करणारे ते मंडळाच्या इतिहासातले पहिलेच. लगोलग ठरावही झाला, की यापुढे प्रत्येक पालकाने सामन्याला एक घासलेलं झाकण आणावं.

मंडळी गेल्यावर साहेब बारकीजवळ जाऊन बसले.

"सणसणीत नव्हता गं तो," ते म्हणाले.

"नव्हताच," बारकी म्हणाली. "दुखलं मला." मग थोड्या वेळाने, वाटी बोटाने पुसत ती म्हणाली, "काकवी खरंच कमी आहे."

ठरावाची अंमलबजावणी चोख झाली. नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला सर्व पालक मैदानाकडे पाठ करून ओळीने उभे होते आणि आपापल्या झाकणाचं चित्रीकरण करत होते. एकटे पुरावेसाहेब तोंड मैदानाकडे करून, रिकाम्या हातांनी, नुसते बघत होते. दोघातिघांनी चौकीदाराच्या कानावर घातलं, की एक इसम संशयास्पद रीतीने मुलींचा खेळ बघतोय. चौकीदाराने येऊन चौकशी केली आणि त्यांना ओळखल्यावर तब्येत बरी आहे ना असं विचारलं. सॉस त्या दिवशी करपलं. बारकी मागच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहिली, तिने दोनदा मोजे सारखे केले आणि एकदा बापाकडे बघून जीभ काढली. बापानेही काढली. याचा काहीही पुरावा उपलब्ध नाही.

वाचून तुम्हाला त्या पालकांचं हसू आलं असेल. यायलाच हवं. फक्त एक सांगा: मघाशी, ही गोष्ट वाचताना, घरातलं कुणीतरी तुमच्याजवळ येऊन काहीतरी विचारून गेलं. मान वर न करता तुम्ही "हं" म्हणालात. काय विचारलं होतं त्यांनी?