उजवीकडं सरका, मास्तर

परतूरच्या धान्याच्या मोंढ्यासमोर चहा घेत उभं असताना रंगनाथकाका येताना दिसले, की मी आधी कपबशी टपरीच्या फळीवर ठेवतो. न ठेवावी तर चहा अंगावर सांडतो. हा माणूस रामराम घालायच्या आधी समोरच्याचं कोपर धरतो, त्याला दोन पावलं ओढतो आणि स्वतःच्या उजव्या हाताला नेऊन उभं करतो. "हं, बोला आता," म्हणतो. दुसरा आला की त्यालाही तिकडंच. तिसऱ्यालाही. काकांच्या डाव्या हाताला बैलगाडी वळेल एवढी जागा मोकळी आणि उजव्या हाताला आम्ही तिघं-चौघं एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभे.

एकदा जालन्याहून आलेल्या एका साहेबाचं कोपरही त्यांनी असंच धरलं. साहेबाला आजवर कुणी सरकवलं नसावं. पण काकांच्या हाताला चाळीस वर्षं नवरदेव सरकवायची सवय, साहेब मुकाट्यानं सरकले.

"फोटो काढून काढून डोक्यातच चौकट बसलीय म्हाताऱ्याच्या," असं सगळं गाव म्हणायचं. मीही म्हणायचो. मी मूळचा हसनाबादकडचा, तीन वर्षांपूर्वी बदली होऊन इथल्या शाळेत आलो. पगारातून कॅमेरा घेतला, बायकोचा अबोला सोसला आणि पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लावून घेतला. त्या नादापायीच स्टेशन रोडवरच्या काकांच्या स्टुडिओत गेलो. पुढं स्टुडिओ, मधे हिरवा पडदा, पडद्यामागं घर. काकींना पूर्वी लकवा मारला होता, त्या बाहेर येत नाहीत, एवढं गावाला माहीत होतं. पडद्यापलीकडं कुणी जात नसे, बोलणं तेवढं आत ऐकू जाई.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत हुदहुदाचा फोटो पुढं केला. बरोबर मधोमध हुदहुद, तुरा उभारलेला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं.

"हे काय हाय, मास्तर? पाखराचं आधारकार्ड काढलं का?"

मी तसा तापट माणूस. वर्गात चाळीस पोरं माझ्या भुवईकडं बघून गप्प होतात. त्या हुदहुदासाठी मी दीड तास उन्हात उभा होतो. पण फोटोकडं पुन्हा पाहिलं आणि काय सांगू, तो हुदहुद खरंच रेशनकार्डाच्या कामाला आल्यासारखा दिसायला लागला.

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. पहिला धडा गुडघ्यांचा. "वरून काय पाहून राह्यले? तुम्ही काय देव हाय का? खाली बसा. पाखराच्या डोळ्याला डोळा लावा." दुधनेच्या धरणाच्या मागच्या पाण्याला, त्या काळ्या चिखलात, मी लांब पायांच्या शेकाट्यांसमोर पालथा पडू लागलो. माझ्या पँटी पाहून बायकोनं विचारलं की शाळेत आता शिक्षकांनाही अंगठे धरायला लावतात का.

दुसरा धडा मोकळ्या जागेचा, आणि ह्यावर काकांचं फार प्रेम. पाखरू जिकडं बघतं, तिकडं चौकटीत जागा सोडायची. "तुमच्या नाकाफुडं कुणी भिंत बांधली तं तुम्हाला बरं वाटंल का? मंग त्याला कसं वाटंल? जागा द्या त्याला." स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसालाही ते हे सांगत. तो बिचारा भिंतीला पाठ लावून, घामाघूम होऊन हो-हो करत असे.

तिसरा धडा रंगाचा. तो काकांनी स्वतःच्या फजितीतून घेतला होता. ती मी यायच्या आधीची गोष्ट, पण मोंढ्यात ती मला इतक्या जणांनी सांगितली की मी तिथं होतो असं मलाच वाटतं.

काका नुकतेच पाखरांकडं वळले होते. हात मात्र लग्नाच्या अल्बमात मुरलेला. नवरी सावळी असो, नवरदेव काळा असो, मामा कसाही असो, काका सगळ्यांना न विचारता गोरं करायचे, नाहीतर लोक अल्बम परत आणायचे. त्या सवयीनं त्यांनी तारेवर बसलेल्या कोतवाल पक्ष्यालाही गोरं केलं. काळाकुळकुळीत कोतवाल, पार दुधाच्या सायीवर आणून ठेवला आणि जिल्ह्यातल्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जालन्याहून तीन माणसं उतरली. हातभर लांब भिंगं, डोक्याला टोप्या. पांढरा कोतवाल कुठं दिसतो म्हणून त्यांनी अख्खं स्टेशन विचारून काढलं. काका त्यांना घेऊन दुपारपर्यंत तारा बघत फिरले. शेवटी एक कोतवाल सापडला. काळा.

"ह्योच हाय," काका म्हणाले. "मी त्याला जरा उजळ केल्ता."

तिघांपैकी एकजण रुळाच्या कडेला खालीच बसला म्हणतात. त्या दिवशी काकांनी कानाला खडा लावला. पाखराला गोरं करायचं नाही, त्याची फांदी बदलायची नाही, मागचं खोटं आभाळ लावायचं नाही. जसं बसलं तसं ठेवायचं. जे कापायचं ते कडेचं, बाकी बोट लावायचं नाही. एवढंच नव्हे, त्यांनी माणसांना गोरं करणंही सोडलं, आणि दोन लग्नांची गिऱ्हाइकं तोडून बसले.

असा हा पक्का माणूस. म्हणून एक गोष्ट मला कळत नव्हती. त्यांच्या टेबलाच्या खणात छापलेल्या फोटोंचा एक गठ्ठा होता. बगळे, वेडे राघू, टिटव्या, आणि सगळी पाखरं चौकटीच्या उजव्या कडेला. डावीकडं बघणारी पाखरं शोभत होती. पण उजवीकडं बघणाऱ्यांची चोच कागदाच्या काठाला टेकलेली, नाकापुढं भिंत, आणि पाठीमागं ओसाड माळ. ज्या चुकीसाठी मला शिव्या बसायच्या, तीच चूक गठ्ठाभर. मी मनात म्हटलं, वय झालं.

शिवाय रोज दिवेलागणीला पडद्यामागून काकींचा आवाज यायचा, "आलं का पाखरू?" तो आला की काका हातातलं काम टाकायचे. गिऱ्हाईक मान तिरकी करून, श्वास रोखून तसंच स्टुलावर. काका खणातून एक फोटो घेऊन आत.

यंदा जालन्याला शिक्षकांसाठी पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. माणशी एकच फोटो, शनिवारी दुपारपर्यंत पोहोचता करायचा. माझ्याकडं खंड्या होता. बाभळीच्या वाळक्या फांदीवर, उजवीकडं तोंड, चोचीत मासोळी. त्याच्यासाठी हिवाळ्यातले सगळे रविवार मी चिखलात घातले होते. शाळेत सगळे विचारायचे, "मास्तर, लोळून लोळून मिळालं काय?" त्यांना एकदा भिंतीवर टांगून दाखवायचं होतं. खोटं कशाला बोलू, रात्रंदिवस तेवढंच डोक्यात होतं.

काकांनी फोटो पाहिला आणि पहिल्यांदाच आधारकार्ड म्हणाले नाहीत. "बराबर," म्हणाले. "ठेवून जा. नीट कापतो." शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी पाकीट हातात दिलं.

घरी जाऊन उघडलं. खंड्या उजव्या काठाला चिकटलेला. मासोळीचं शेपूट कागदाबाहेर पडायच्या बेतात. डावीकडं पाणी, पाणी आणि पाणी.

माझं डोकंच फिरलं. तसाच चपला घालून स्टेशन रोडवर आलो. स्टुडिओत कुणी नव्हतं. एरवी मी हाक मारली असती, पण रागात माणसाला पडदा पडदा वाटत नाही. सरळ आत घुसलो.

आत काकी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर. उजव्या अंगाला काका स्टुलावर. काकी जेवत होत्या. ताटातली उजव्या बाजूची भाकरी आणि भाजी संपलेली, डाव्या बाजूचं वरण-भात जसंच्या तसं. "झालं माझं," काकी म्हणाल्या.  काकांनी ताट अलगद अर्धं फिरवलं. "अगं बाई, भात वाढला का?" म्हणत काकी पुन्हा जेवायला लागल्या.

मी पाकीट हातात धरून तसाच उभा राहिलो. काकांनी माझ्याकडं पाहिलं, पाकिटाकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अदलाबदल झाली व्हय," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचा टेबलावर हाय. ह्यो हिच्यासाठी येगळा कापलेला हाय."

मी पाकिटाकडं पाहिलं, मग ताटाकडं.

"लकव्यानं हिची डावी बाजूच गेली, मास्तर. डोळे बराबर हायेत. पण डाव्या बाजूला काही असतं, हेच हिला ठावं न्हाई. ताट असू द्या, भिंत असू द्या, माणूस असू द्या. दवाखान्यातून आणली, दोन महिने कशाकडं पाहत न्हवती. मंग एक दिवस ह्या खिडकीत चिमणी बसली. उजव्या अंगाला. ही म्हणली, चिमणी आली. दोन महिन्यांत पहिला शब्द. म्हणून मी पाखरं काढून राह्यलो. न्हाईतर मला काय करायचं त्यांचं?" त्यांनी ताट काकींच्या जवळ सरकवलं. "चाळीस वर्षं लाइटाची छत्री हिनंच धरली माझ्यासाठी. अर्ध्या तालुक्याच्या तोंडावरचा उजेड हिच्या हातचा हाय."

मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं, म्हणून मी मास्तरकी केली. म्हटलं, "मग फोटो उलटा करायचा ना काका. कंप्युटरवर एका बटनाचं काम. पाखरू उजवीकडंही येईल आणि पुढं जागाही राहील."

"न्हाई. कोतवालाच्या वक्ताला एकदा खोटं केलं, तेवढं बस झालं. हिला दाखवायचं ते खरं दाखवायचं." मग पाकीट घेता घेता म्हणाले, "ताट फिरवता येतं, मास्तर. पाखरू कसं फिरवावं?"

त्यांनी फोटो काकींपुढं धरला. काकींचं बोट सावकाश कागदावरून फिरलं आणि थेट खंड्यावर जाऊन थांबलं. डावीकडच्या पाण्याकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"मासोळी धरलीय की ह्यानं," त्या म्हणाल्या. चोच जिकडं होती तिकडं त्यांनी मान वळवली. तिकडं कागद संपत होता आणि काका बसले होते. "तुमच्याकडंच बघून राह्यलाय."

"बघू दे," काका म्हणाले.

तीन वर्षं मी ह्या माणसाची टिंगल केली होती. मोंढ्यात नक्कल करून दाखवली होती, कोपर धरून. मला माझी लाज वाटली. मी खाकरलो, तरी काकींनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी हातभर अंतरावर होतो.

आज कुणी माझं कोपर धरलं नाही. मीच खाटेच्या पायथ्याला वळसा घालून दोन पावलं उजवीकडं सरकलो आणि काकांच्या खांद्याशी उभा राहिलो.

काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "अहो, मास्तर आलेत," त्या म्हणाल्या. "सांगायचं न्हाई का? उभं काय केलं त्यांना, बसा म्हणा."