पंख्याचं डोकं थंड पाहिजे

मैनाबाईच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता, आणि तो का नव्हता याचं उत्तर घनश्यामरावांकडे लग्नापासून तयार होतं. "पंख्याच्या वाऱ्यानं चूल विझते. भाकर कच्ची राह्यली तं खाईन कोण?" गॅस होता, पण तो चहापुरता. भाकरीला चव चुलीचीच, हे खाणाऱ्यानं ठरवलं होतं. करणारीला कुणी विचारलं नव्हतं. विदर्भातल्या नेरकडचा उन्हाळा, वर टिनाचं छत, समोर चूल. मैनाबाईला बैठकीतल्या कूलरचा नुसता आवाज ऐकू यायचा.

म्हणून कॅनडातल्या रजतनं आईसाठी पंखा पाठवला तेव्हा तिचे डोळे भरून आले. वीतभर उंचीचा, काळाभोर, खाली जाड तळ आणि डोक्यावर पत्र्याच्या पट्ट्या. वायर नाही, सेल नाही.

"आई, तू मांगत होती ना? चुलीच्या वैलावर तवा पालथा घाल, त्याच्यावर हा ठेव," रजत व्हिडिओवर सांगू लागला. "खालून बूड तापते, वरतून डोकं थंड राह्यते. मधात एक चकती हाये. एका अंगानं गरम अन् दुसऱ्या अंगानं थंड झाली का तिच्यातून वीज निंघते, अन् पातं फिरते."

पातं फिरलं. मैनाबाईनं हौसेनं तोंड पुढं केलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"रजत, हा तं गरम हवा फेकून राह्यला रे!"

"हो ना. इथं बरफ पडते, आई. शेगडीची ऊब खोलीभर पसरवाले लागते."

"मले कायले पाहिजे ऊब, बापा?"

 नेमकं तेव्हाच रजतचं नेटवर्क गेलं. असल्या वेळी ते बरोब्बर जातं.

घनश्यामरावांना मात्र याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. बिनविजेचा पंखा गावात दुसऱ्या कुणाकडे होता? येईल त्याला ते ओढून चुलीपाशी नेऊ लागले. पंखा दाखवायचा तर चूल पेटती हवी, म्हणून मैनाबाई भर दुपारी लाकडं सारत बसे. वर पाहुण्यांचा चहा. टिनाखालच्या त्या गरमीत पंख्याचं डोकंही तापू लागलं आणि पातं रेंगाळलं.

"डोकं थंड ठेवा लागते याचं," घनश्यामराव काळजीनं म्हणाले. त्यांनी बैठकीतला कूलर ओढत आणला, दारात लावला आणि तोंड नेमकं पंख्याकडे वळवलं.

मध्ये मैनाबाई बसली होती. पाठीला गार वारा लागला आणि तिला एकदम माहेरची विहीर आठवली. अहाहा! चूल विझत चालली होती हे तिला दिसलं. पण सांगितलं असतं तर कूलर गेला असता. ती परातीतलं पीठ उगीच मळत बसली.

तेवढ्यात जेवायला बोलावलेले उत्तमसिंग आले. "पाह्य, पाह्य, कसा भन्नाट फिरून राह्यला!" घनश्यामराव म्हणाले.

उत्तमसिंगांनी कौतुकानं तव्याला बोट लावलं. "घनश्यामभाऊ, तवा तं गार हाये! हा कूलरच्या वाऱ्यानं फिरून राह्यला गा!" आणि ते पोट धरून हसले.

घनश्यामरावांचं तोंड उतरलं. "चूल विझली तं सांगता येत नाही का वं तुले?"

"कायले सांगू? त्याचं डोकं थंड हाये ना?"

"अन् भाकरी?"

"कच्च्या. वाऱ्यानं चूल विझते, तुमीच तं म्हणता." मग मात्र तिचा बांध फुटला. "जलमभर माह्यं डोकं तापून राह्यलं, तव्हा नाही आला कूलर. या टिनपाटासाठी ओढत आणला! मी का मशीन नाही म्हणून?"

उत्तमसिंगांनी चप्पल शोधायला घेतली. घनश्यामराव मान खाली घालून उभे राहिले. त्यांना लाज वाटली होती, अगदी मनापासून. जेवण न करता पाहुणा गेला याची.

दुसऱ्या दिवशी कूलर बैठकीत परत गेला. पंखाही गेला. पोरानं एवढ्या दुरून पाठवलेली वस्तू, धुरानं खराब व्हायला नको. घनश्यामरावांनी तो कूलरसमोरच्या स्टुलावर ठेवला. तिथं पातं मजेत फिरायचं, आल्यागेल्याला दिसायचं.

रविवारी रजतचा फोन आला तेव्हा मैनाबाई भाकरी थापत होती. हात पीठभरले म्हणून तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"आई, पंखा चालते ना वं?"

"चालते बापा. सुखात हाये तो," ती म्हणाली, आणि कपाळावरचा घाम कोपरानं पुसून तिनं चुलीत लाकूड सारलं.